वॉशिंग्टन, जुलै १९५२ : रडार आणि डोळे खरंच एकच गोष्ट सांगत होते का?

चुंबकसुई

उडत्या तबकड्यांचा विषय निघाला की कुणीतरी १९५२चं वॉशिंग्टन काढतंच, आणि काढावंही. लागोपाठच्या दोन शनिवारच्या रात्री, १९-२० आणि २६-२७ जुलै. पहिल्या रात्री ११.४० वाजता नॅशनल विमानतळावरच्या हवाई मार्ग नियंत्रण केंद्रात एडवर्ड न्यूजंटना रडारच्या पडद्यावर शहराच्या नैर्ऋत्येला, १५ मैलांवर, सात ठिपके दिसले. त्यांचे वरिष्ठ हॅरी बार्न्स यांनी यंत्र तपासून घेतलं, टॉवरला विचारलं. टॉवरच्या वेगळ्या रडारवरही ठिपके होते. जवळच्या अँड्र्यूज हवाई तळावरही काहीतरी दिसत होतं.

२९ जुलैला हवाई दलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख मेजर जनरल सॅमफर्ड यांनी पेंटागॉनमध्ये पत्रकार परिषद घेतली आणि ‘तापमानाचा उलटा थर’ हे उत्तर लोकांपुढे आलं. म्हणजे वर जावं तसं हवा गार होण्याऐवजी मध्येच एक उबदार पट्टा लागतो, रडारचा झोत तिथे खाली वळतो आणि जमिनीवरच्या वस्तू ‘आकाशात’ दिसतात.

माझं म्हणणं सरळ आहे : हे उत्तर अपुरं आहे. दुसऱ्या रात्री रडारच्या खोलीत नौदलाचे रडारतज्ज्ञ लेफ्टनंट होलकॉम्ब स्वतः हजर होते. त्यांनी हवामान खात्याकडून माहिती घेतली. उलटा थर होता, पण अगदी किरकोळ. आणि पहिल्या रात्री वॉशिंग्टनजवळच्या रिव्हरडेलच्या रेडिओ बीकनच्या (विमानांना दिशा दाखवणाऱ्या केंद्राच्या) उत्तरेला तीन मैलांवर एकच लक्ष्य केंद्र, टॉवर आणि अँड्र्यूज अशा तिन्ही रडारांनी पकडलं होतं. तिघे ऑपरेटर अर्धा मिनिट एकमेकांशी बोलत होते आणि ते तिन्ही पडद्यांवरून एकदमच गेलं. रडारवरची भुतं, म्हणजे खोटे ठिपके, अशी कवायत करत नाहीत.

उलटातपास

‘थर किरकोळ होता’ हे वाक्य सत्तर वर्षं फिरतंय आणि त्यात एकच चूक आहे. सगळे तापमान बघतात, बाष्प कुणी बघत नाही.

हिशोब करू. रेडिओलहर हवेत किती वाकते ते अपवर्तनाच्या एककांत मोजतात. १०० मीटर वर गेल्यावर ते माप १५.७ एककांपेक्षा जास्त घसरलं, तर लहर पृथ्वीच्या वळणापेक्षा जास्त वाकते आणि थराखाली कोंडली जाते. एरवी ते साधारण ४ ने घसरतं. आता जुलैची दमट रात्र घ्या : २५ अंश तापमान, बाष्पाचा दाब २५ हेक्टोपास्कल. १०० मीटरवर हवेचा दाब उतरल्यामुळे ३ एककं जातात. तापमान २ अंशांनी वाढलं असेल तर आणखी ३. झाले ६. इथपर्यंत होलकॉम्बसाहेब बरोबर. पण त्याच १०० मीटरमध्ये बाष्पाचा दाब फक्त ३ हेक्टोपास्कलने कमी झाला, तर एकट्या त्याची साडेबारा एककं जातात. बेरीज १९ च्या आसपास. अडकला झोत.

दुसरं असं की फुग्याला बांधलेलं मापनयंत्र मिनिटाला तीनेकशे मीटर चढतं. तीस मीटर जाडीचा थर ते सहा सेकंदांत ओलांडतं आणि त्या काळातल्या यंत्राला तेवढ्यात बदल पुरता जाणवतही नसे. नोंदीत थर दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात तो तीव्र असू शकतो. उलटं होणं अवघड.

हे अमेरिकेपुरतं आहे असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावरच्या दीड मीटर तरंगलांबीच्या रडारला पावसाळ्याआधीच्या गरमीत अरबस्तानचा किनारा दिसायचा. दीड हजार किलोमीटरच्या पुढचा! ते ठिपके बघून तबकड्यांची आवई उठली नाही, कारण ठिपके नकाशाशी जुळत होते.

मेघमल्हार_७२

बाष्पाचा हिशोब मान्य. पण त्याने तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलात. बाष्पाचा परिणाम रेडिओलहरींवर होतो, दृश्य प्रकाशावर जवळजवळ नाही. म्हणजे तुमचा दमट-कोरडा थर रडारला फसवेल, डोळ्यांना नाही. मग कॅपिटल एअरलाइन्सच्या पिअरमन या वैमानिकाला १४ मिनिटांत सहा दिवे कसले दिसले? पांढरे, शेपटी नसलेले, वेगाने जाणारे. बार्न्स यांनी नोंदवलंय की पिअरमन दिवा सांगायचे तेव्हा त्यांच्या विमानाजवळ ठिपका असायचा, आणि ‘निसटला’ म्हणाले की पडद्यावरूनही जायचा.

काठावरचा

@मेघमल्हार, मुद्दा नेमका आहे, पण तो उलट्या दिशेने चालतो. थर एकच आणि त्याने डोळे फसत नाहीत, तर रडार आणि डोळे यांची कारणं वेगवेगळी असली पाहिजेत. त्यांना जोडणारा धागा एकच उरतो : रेडिओवरचं बोलणं.

ही रडारं दिशा आणि अंतर सांगतात. उंची सांगत नाहीत. नियंत्रक वैमानिकाला सांगतो की तुमच्या डावीकडे अमुक मैलांवर काहीतरी आहे. वैमानिक डावीकडे बघतो. स्वच्छ रात्री विमानातून पन्नास-शंभर किलोमीटरचा प्रदेश आणि वरचं निम्मं आकाश दिसतं. त्या दिशेला तारा, उल्का, दुसरं विमान किंवा गावाचा दिवा सापडणार नाही अशी दिशाच नाही. जुळली ती फक्त दिशा. अंतर आणि उंची जुळल्याचं कुणीच मोजलेलं नाही, मग ‘रडार आणि डोळे दोघांनी पाहिलं’ याला पुष्टी कसं म्हणायचं? दोन साक्षीदारांपैकी एकाने दुसऱ्याला काय बघायचं ते आधीच सांगितलं असेल, तर कोर्टात ती एकच साक्ष धरतात.

दुसऱ्या रात्रीच्या एफ-९४ या लढाऊ विमानाचे लेफ्टनंट पॅटरसन यांचंही तेच. चार पांढरे प्रकाश दिसले, पूर्ण वेगाने पाठलाग केला, गाठता आले नाहीत. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे ते १,००० फुटांखालच्या वस्तूंच्या मागे होते. राजधानीच्या आसपास, रात्री, १,००० फुटांखाली दिवे कशाचे असतात?

चुंबकसुई

उत्तरं चलाख आहेत, पण प्रत्येक प्रश्नाला वेगळं भूत पाठवताय. एकेक घेतो.

वेग. बार्न्स यांनी ठिपके ताशी १०० ते १३० मैलांनी सरकताना पाहिले. यावर संशयवाद्यांचं आवडतं उत्तर म्हणजे नागरी हवाई प्रशासनाच्या बॉर्डन आणि व्हिकर्स यांचा १९५३चा अहवाल. त्याचा सारांश, न वाचलेल्यांसाठी : थरातली सुरकुती आरशाच्या तुकड्यासारखी वागते, झोत तिथून खाली परावर्तित होऊन जमिनीला लागतो आणि त्याच वाटेने परततो. रडारपासून सुरकुतीपर्यंत जितकं अंतर तितकंच पुढे जमिनीपर्यंत, म्हणून ठिपका दुप्पट लांब दिसतो. सुरकुती वाऱ्याने १ किलोमीटर सरकली की ठिपका २ किलोमीटर सरकतो. म्हणजे ठिपक्याचा वेग वाऱ्याच्या दुप्पट. सुरेख भूमिती. पण मग १३० मैलांच्या ठिपक्याला ६५ मैलांचा वारा लागतो. एवढ्या वाऱ्यात थर घुसळून निघेल, टिकणार कसा?

आणि रिव्हरडेल. दुप्पट अंतराचं भूत प्रत्येक रडारच्या जागेप्रमाणे वेगळीकडे पडायला हवं. नॅशनल आणि अँड्र्यूज यांच्यात दहाएक मैल आहेत. तरी तिघांनी एकच जागा सांगितली.

उलटातपास

रिव्हरडेलबद्दल : बरोबर, परावर्तनाचं भूत तिथे बसत नाही. पण कोंडलेल्या झोताचं बसतं. झोत वाकून खरोखरच्या जमिनीला लागला, तर तिथली इमारत किंवा टाकी प्रत्येक रडारला तिच्या खऱ्या जागीच दिसणार. तिघांनी एकच जागा सांगितली हा उलट जमिनीवरच्या वस्तूच्या बाजूचा पुरावा आहे. ‘एकदम गेलं’ याची अचूकता तरी किती? अँटेना मिनिटाला सहा फेऱ्या मारत असेल तर दहा सेकंदांनी एक नजर. दहा सेकंदांच्या आतलं सगळं ‘एकदम’च.

ताशी ७,००० मैलांची जी नोंद मिरवली जाते तीही इथूनच येते. तो वेग म्हणजे सेकंदाला ३.१ किलोमीटर, दहा सेकंदांत ३१. एक ठिपका विझला, पुढच्या फेरीला ३१ किलोमीटरवर दुसराच उमटला, आणि ऑपरेटरने दोघांत मनाने रेघ ओढली. आजची यंत्रणा असं करू देत नाही. आधी दोन-तीन फेऱ्यांचे ठिपके सरळ मार्गात बसतात का ते बघते, मगच वेग काढते. तेव्हा हे काम पडद्यावर मेणाच्या पेन्सिलीने खुणा करून चालायचं.

वाऱ्याबद्दल मात्र तुम्ही म्हणता ते टोचतं. उन्हाळ्यात थराच्या लगेच वर रात्रीचा जोरदार वारा कधीकधी असतो, पण ६५ मैल फार झाले. ठिपक्यांचे ते वेग पेन्सिलीचेच असतील असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

मेघमल्हार_७२

‘पेन्सिलीचेच असतील’. वा! निष्कर्षाला सोयीचं ते मोजमाप, गैरसोयीचं ते पेन्सिल.

स्थिर वस्तू गाळायची सोय त्या काळच्या रडारांत आली होती. मग इमारत पडद्यावर उमटलीच कशी?

उलटातपास

गाळणी रडारने सोडलेल्या लागोपाठच्या स्पंदांच्या परतीची तुलना करते. परतीच्या लहरीची कला (तिच्या चढउताराची नेमकी स्थिती) तीच असेल तर वस्तू स्थिर धरून वजा करते. पण वाट थरथरत्या थरातून गेली की कला बदलत राहते. इमारत जागची हलत नाही, तिच्याकडे जायची वाट हलते, आणि गाळणीला दोन्ही सारखंच. झाडं आणि रस्त्यावरच्या गाड्या तर खरोखरच हलतात.

दुसऱ्या रात्रीचंच उदाहरण आहे. एका बी-२५ बॉम्बफेकी विमानाला तासाभरापेक्षा जास्त वेळ एकेका ठिपक्यावर पाठवलं जात होतं. एका ठिपक्याखाली काय निघालं? माउंट व्हर्ननची सहल नेणारी पोटोमॅकवरची वाफेची बोट.

कोरडीभाकर

मधेच तोंड घालतो. लढाऊ विमानं आली की ठिपके गायब, गेली की हजर, याचं काय? पहिल्या रात्री अँड्र्यूजच्या धावपट्टीची दुरुस्ती चालू होती म्हणून एफ-९४ डेलावेअरच्या न्यू कॅसलहून आली, पहाटे तीनच्या सुमारास. ठिपके गेले. विमानं परतली, ठिपके आले. बार्न्स तर म्हणाले की ते आमचं रेडिओवरचं बोलणं ऐकत असावेत.

काठावरचा

कावळा बसायला आणि फांदी तुटायला. थर तासातासाला बनतो-मोडतो, आणि ठिपके विमानं नसतानाही येत-जात होतेच. ते कुणी लिहून ठेवलं नाही, कारण तेव्हा बसायला कावळा नव्हता. शिवाय दुसऱ्या रात्री पॅटरसन आले त्या खेपेला ठिपके गेले नाहीत. म्हणजे नियम एका आठवड्यातच मोडला.

चुंबकसुई

नियम मी मांडलेलाच नाही, तो बार्न्स यांचा. माझा आक्षेप कागदपत्रांवर आहे. हवाई दलाच्या तबकडी-तपासाचे प्रमुख कॅप्टन रपेल्ट त्या आठवड्यात वॉशिंग्टनमध्येच होते. त्यांना विमानतळावर जायला सरकारी गाडी मिळाली नाही आणि ते तपासाचं मुख्यालय असलेल्या डेटनला परतले! पहिल्या रात्रीच्या साक्षी ताज्या असताना घ्यायला माणूस गेलाच नाही. नंतर सरकारने ‘उलटा थर’ म्हणायचं आणि आपण त्यासाठी बाष्पाचे आकडे धरून चालायचे, हा आधी कळस मग पाया.

उलटातपास

इथे तुमच्याशी भांडण नाही. माझे आकडे ‘असं होऊ शकतं’ एवढंच दाखवतात. पडद्याचे फोटो एका ठरावीक वेळाने, शेजारी घड्याळ ठेवून काढले असते. झोत एक-दोन अंश वर उचलून बघितलं असतं (जमिनीवरून आलेला ठिपका लगेच मरतो, कारण थर फक्त अर्ध्या-एक अंशाच्या आत जवळजवळ आडव्या जाणाऱ्या झोतालाच वाकवतो). स्पंदांचा दर बदलून बघितला असता (दूरच्या वस्तूचा उशिरा आलेला ठिपका जागा बदलतो, जवळचा बदलत नाही). पाच मिनिटांची तीन कामं. आणि चौथं, वैमानिकाला दिशा न सांगता ‘काही दिसतंय का, कुठे?’ एवढंच विचारायचं.

मेघमल्हार_७२

चौथ्याबद्दल : दुसऱ्या रात्री सव्वाआठच्या सुमारास नॅशनल एअरलाइन्सच्या विमानातून वैमानिक आणि हवाई सुंदरी दोघांनी दिवे पाहिले. ठिपक्यांची धावपळ त्यानंतरची. तिथे दिशा कुणी सांगितली होती?

काठावरचा

कुणीच नाही. पण तेव्हा त्यांच्या दिव्यांशेजारी लावायला रडारचा ठिपकाही नव्हता. निव्वळ डोळ्यांची साक्ष म्हणून ती घ्या, हरकत नाही, फक्त ‘रडारने दुजोरा दिला’ या खात्यात तिची जमा धरू नका. तुमच्याकडे खरी एकच साक्ष उरते ती पिअरमनची, कारण तिथे दिवा आणि ठिपका एकाच क्षणी गेल्याचा दावा आहे. त्याच्या वेळा रडारच्या खोलीत आणि विमानात वेगवेगळ्या लिहिलेल्या मिळाल्या तर मी बाजू बदलीन.

चुंबकसुई

हे लिहून ठेवलंय हं. पिअरमनपुरता वेगळा धागा काढतो. चौदा मिनिटं, सहा दिवे, एकेक करून.