मदत हवी आहे: शेतातल्या उंदरांचे कृमी गावातच नीट टिकवायचे कसे?

कपाशी-तुरीच्या धुऱ्यावरच्या पिंजऱ्यांत मऊ केसांचा शेतउंदीर आणि घूस दोन्ही सापडतात. ज्या जातीत परजीवींचे प्रकार जास्त, तिच्या एमएचसी डीआरबी जनुकातही (शरीराला परजीवी ओळखायला मदत करणारं, रोगप्रतिकारशक्तीचं जनुक) विविधता जास्त आहे का, हे तपासायचंय.

बाहेरच्या परजीवींचं जमतं. प्रत्येक उंदीर वेगळ्या कापडी पिशवीत ठेवायचा, कारण अंग थंड पडलं की पिसवा यजमान सोडून निघतात. चिगर (कातडीला घट्ट चिकटणारी, गोचिडीसारख्या बारीक किड्यांची पिल्लं) विंचरून निघत नाहीत, म्हणून कानच कापून 70 टक्के अल्कोहोलमध्ये.

घोडं अडतं पट्टकृमींपाशी (आतड्यातले फितीसारखे, खंडाखंडांचे जंत). थेट अल्कोहोलमध्ये टाकले तर आकसतात, खंड मोजता येत नाहीत. आधी गार पाण्यात सैल करावेत, तर इथल्या मे महिन्यात पाणी कोमट आणि कृमी लिबलिबीत. फ्रीज लोडशेडिंगच्या भरवशावर. फॉर्मॅलिनने आकार टिकतो, पण डीएनए खराब होतो. माठाच्या पाण्यात कुणी सैल केलेत का? किती वेळ ठेवायचे?

दुसरं, वय. जुन्या उंदरात कृमी साठत जातात, त्यामुळे वय न धरता केलेली तुलना फसवी. डोळ्याच्या वाळवलेल्या भिंगाच्या वजनावरून वय काढतात. या दोन जातींसाठी तसा तक्ता कुणाकडे आहे का? नुसत्या शरीराच्या वजनावर भागवू नका म्हणणारे बरेच भेटतात, तक्ता देणारं कुणी नाही.