आजीच्या पेटीतली सिएटलची कार्डं: साल कसं ओळखावं, जपावं कसं?

कास्तकार_दारव्हा

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. जुन्या वस्तूंतलं मला फारसं कळत नाही, पण घरातल्या एका पेटीसाठी इथं लिहितो आहे.

आमची आजी आता नव्वदीच्या पुढं आहे. तरुणपणी तिनं यवतमाळकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात बरीच वर्षं काम केलं. आधी झाडलोट, मग बाळंतिणींच्या वॉर्डात दाई. तिथं एक अमेरिकन नर्सबाई होत्या, आजी त्यांना अजूनही 'मडम' म्हणते. त्या कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा आजीला शिवणाचा डबा, एक शाल आणि अकरा चित्रांची कार्डं देऊन गेल्या. त्यांच्या आईनं त्यांना इकडं वर्षानुवर्षं पाठवलेली. बारावं कार्ड मडमनं स्वतः तिकडून आजीला पाठवलं. सगळी एकाच शहराची, सिएटलची. एक-दोन सोडली तर सगळी भर बाजाराच्या रस्त्यांची.

आमच्या लहानपणी पावसाच्या झडीत वावरात जाता येत नसे, तेव्हा आजी सपरीत गोणपाट टाकून ही कार्डं मांडायची. यवतमाळचा दत्त चौक मी पुढं पाहिला, त्याआधी मला सिएटलच्या त्या रस्त्यावर कोणत्या इमारतीनंतर कोणती येते ते पाठ होतं. रस्त्याच्या मधोमध रूळ कसे, हा प्रश्न मला तेव्हा फार पडायचा. आमची शकुंतला रेल्वे तर वावरांच्या कडेनं जायची.

यंदा कवेलू सरकले आणि पेटीवर दोन रात्री पाणी गळलं. दोन कार्डं एकमेकांना चिकटली. माळ्यावरच्या मयालीला उधई लागली आहे ती वेगळीच. म्हणून आता हे मनावर घेतलं.

कार्डं सांगतो. पहिलं तपकिरी, खऱ्या फोटोसारखं. तीन कोनांचा चौक, लोखंडी खांबांचा आणि काचेच्या छताचा मंडप, शेजारी कोरीव लाकडी उंच खांब, मागं टोकदार डोक्याचा पांढरा उंच मनोरा. मागं काही लिहिलेलं नाही. दुसऱ्यात तोच चौक, तोच खांब, पण रंगीत, आणि मंडप नाही, मनोरा नाही. तेही कोरं आहे, पाठीवर मधली उभी रेघही नाही. तिसरं आणि चौथं एकाच रस्त्याची, एक दिवसाचं, एक रात्रीचं. रात्रीच्यात चंद्र आहे आणि एकूण एक खिडकीत दिवा. आजी म्हणायची, "मडमच्या गावात रोजच दिवाळी रायते." दोन्हींना चारही बाजूंनी पांढरी पट्टी आहे. पाचवं हाताला कापडासारखं लागतं, त्याच्यावर बारीक छापलंय '६ए-एच' आणि पुढं आकडे. बाकीची साधारण अशीच. बारावं चकचकीत, त्यावर तबकडी डोक्यावर घेतलेला मनोरा, आणि मागं मडमच्या हातचं मराठी.

तिकिटं काकांनी लहानपणी पाण्यात भिजवून काढून घेतली, त्यामुळं शिक्के अर्धेमुर्धेच राहिले आहेत.

विचारायचं असं: कोणतं कार्ड कधीचं हे कसं समजावं? रात्रीचा असा फोटो त्या काळी कसा काढत? गावातला फोटोवाला लॅमिनेशन करून देतो म्हणतो, करू का? आणि आजी कायम एकच विचारते, त्या लाकडी खांबाचं पुढं काय झालं. कोणाला माहीत असेल तर सांगा जी.

जुनं_टपाल_नागपूर

दादा, लॅमिनेशन करू नका. आधी हे वाचा, मग बाकीचं.

तुमचा चौक म्हणजे सिएटलचं पायोनियर स्क्वेअर, तेव्हाचं नाव पायोनियर प्लेस. त्या शहराचा मूळ बाजार इथलाच. ६ जून १८८९ ला एका सुताराच्या दुकानात सरसाचं भांडं उतू गेलं आणि लाकडी बाजारपेठ जवळजवळ सगळी जळाली. नंतर विटा-दगडातच बांधायचं ठरलं आणि रस्तेही उंच केले. जुने तळमजले फूटपाथच्या खाली गेले, ते आजही खाली आहेत. म्हणून तुमच्या कार्डांवरच्या इमारती एकाच वयाच्या भावंडांसारख्या दिसतात.

आता साल. कार्डावर काय आहे आणि काय नाही, दोन्ही बघायचं. कोरीव खांब तिथं १८९९ मध्ये उभा राहिला. लोखंडी मंडप १९०९ चा. पांढरा टोकदार मनोरा म्हणजे स्मिथ टॉवर, उघडला १९१४ मध्ये. टंकलेखन यंत्रांच्या धंद्यात पैसा कमावलेल्या घराण्याचा, ४२ मजल्यांचा म्हणून तो गाजला. रस्त्यातली ट्राम १९४१ मध्ये बंद झाली. म्हणजे पहिलं कार्ड १९१४ च्या आधीचं नाही. दुसरं १८९९ ते १९०९ मधलं, आणि ते आणखी घट्ट धरता येतं. अमेरिकेत १ मार्च १९०७ पर्यंत कार्डाच्या पाठीवर फक्त पत्ता लिहायची मुभा होती, मजकूर चित्राच्या बाजूला कुठं जागा मिळेल तिथं. त्या तारखेपासून पाठीचे दोन भाग झाले, डावीकडं मजकूर, उजवीकडं पत्ता. तुमच्या दुसऱ्यावर रेघ नाही, म्हणजे ते त्याआधी छापलेलं. 'पोस्ट कार्ड' हे दोन शब्द पाठीवर छापलेले असतील तर १९०१ च्या डिसेंबरनंतरचं, कारण तोवर खासगी छापखान्यांना ते शब्द वापरता येत नव्हते.

काकांनी तिकीट काढलं नसेल त्या कार्डाचीही तिकिटाची जागा बघा. पहिलं जर खरा फोटो असेल तर तिथं चौकोन असेल आणि त्याच्या कडेनं इंग्रजीत फोटोच्या कागदाचं नाव. 'अझो' असेल तर कोपऱ्यातले त्रिकोण मोजा. चारही वर टोक करून असतील तर संग्राहक तो कागद १९०४ ते १९१८ चा धरतात. दोन वर दोन खाली असतील तर १९१८ ते १९३०.

पांढरी पट्टी साधारण १९१५ ते १९३०. कापडासारखं लागतं ते 'लिनन' कार्ड, कागदच तसा खडबडीत दाबलेला, त्यावर रंग भडक उठतो. '६ए-एच' ही शिकागोच्या कर्ट टाइख छापखान्याची खूण. ए म्हणजे १९३० चं दशक, ६ म्हणजे त्यातलं सहावं, म्हणून १९३६. बी असतं तर चाळीसचं दशक. छापण्याचं साल आणि टपालात पडण्याचं साल एकच असेल असं नाही, हे मात्र धरून चाला. आईच्या कपाटात कार्ड दहा-दहा वर्षं पडून राहतं.

रात्रीच्या फोटोबद्दल मी काही सांगत नाही. दिवसाचं आणि रात्रीचं कार्ड शेजारी ठेवा, भिंग घ्या, ट्राम आणि माणसं बघा. काय दिसतं ते इथं लिहा.

शेगावचा_वाचक

नागपूरकर भाऊंनी सांगितलंच आहे. एक जोडतो. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयानं आणि तिथल्या इतिहास व उद्योग संग्रहालयानं जुने फोटो इंटरनेटवर मोफत पाहायला ठेवले आहेत. वेबस्टर अँड स्टीव्हन्स म्हणून फोटोवाले होते, त्यांचा मोठा साठा त्या संग्रहालयात आहे. रस्त्याच्या नावानं शोधा. माझ्याकडच्या एका कार्डाचा मूळ फोटो मला असाच सापडला. मुळात विजेच्या तारांचं जाळं होतं आणि कार्डावर आकाश स्वच्छ निळं.

ग्रंथपाल_अकोला

मी तीस वर्षं ग्रंथालयात काढली, त्यामुळं जपण्याचं तेवढं सांगते.

चिकटलेली दोन कार्डं ओढू नका. अजिबात नाही. त्यातलं एकही फोटोचं असेल तर त्याचा वरचा थर जिलेटिनचा असतो, ओढलं की चेहरे दुसऱ्या कार्डाला लागून निघतात. तशीच सावलीत, पंख्याच्या थेट वाऱ्यात न ठेवता पूर्ण कोरडी होऊ द्या आणि नागपूरला एखाद्या संग्रहालयात जतनाचं काम करणारा माणूस गाठा. बुरशी दिसली तर घरात झटकू नका, बाहेर नेऊन मऊ कोरड्या ब्रशनं.

लॅमिनेशन म्हणजे उष्णता आणि डिंक, ते पुन्हा कधीच निघत नाही. सेलोटेपही नको, तो पिवळा पडून कागदात उतरतो. बाजारात मिळणारे चिकट पानांचे अल्बम नको. प्रत्येक कार्डाला पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिएस्टरचं वेगळं पाकीट घ्या. मऊ, उग्र वास येणारं प्लास्टिक बहुतेक पीव्हीसी असतं, ते टाळा. डांबरगोळ्या कार्डांना लागून ठेवू नका. पेटी माळ्यावरून खाली आणा, भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीपासून चार विटा उंच. उधई आधी भिंतीतूनच येते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा.

आणि दोन्ही बाजू स्कॅन करा. पाठ विसरू नका, तुमच्या घराचा इतिहास पाठीवरच आहे. नोंद करायची तर मऊ पेन्सिलीनं, पेननं नाही.

फोटोच्या कार्डाच्या कडेला चांदीसारखी झळाळी दिसली तर पुसू नका. ती फोटोतलीच चांदी वर आलेली असते.

मेळघाट_मास्तर

मी धारणीकडं शाळेवर आहे. आजींच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण हा खांब माझ्याही मनात बरीच वर्षं आहे.

तो अलास्कातल्या त्लिंगिट लोकांचा. कुळाची आठवण आणि गेलेल्या माणसाची आठवण अशा खांबावर कोरून ठेवायची त्यांची रीत आहे, आणि हा एका बाईच्या स्मरणार्थ कोरलेला होता. १८९९ मध्ये सिएटलचे प्रतिष्ठित व्यापारी बोटीनं अलास्काच्या सफरीला गेले. गावातली माणसं मासेमारीला बाहेर गेलेली. यांनी खांब पाडला, कापला, बोटीवर चढवला आणि आपल्या शहराच्या चौकात उभा केला. पुढची चाळीसेक वर्षं तो सिएटलच्या कार्डांवर 'आमच्या शहराची शान' म्हणून छापला गेला. १९३८ मध्ये कोणीतरी त्याला आग लावली. मग त्लिंगिट कारागिरांकडूनच त्याची प्रतिकृती कोरून घेतली, ती १९४० मध्ये तिथं उभी राहिली.

आमच्याकडं कोरकू लोक मेलेल्या माणसासाठी सागाचा मुंडा कोरून गावाबाहेर रोवतात. सूर्य, चंद्र, घोड्यावरचा स्वार. असा एखादा मुंडा उद्या कोणी उपटून शहराच्या चौकात लावला आणि त्याची कार्डं विकली, तर त्या घरच्यांना काय वाटेल, ते मी वर्गात मुलांना विचारतो. मुलं गप्प होतात. आजींना माझा नमस्कार सांगा. इतकी वर्षं त्या खांबाची विचारपूस करणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

कास्तकार_दारव्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. कालची संध्याकाळ यातच गेली.

पहिल्या कार्डावर चौकोन आहे, 'अझो' आहे, चारही त्रिकोण वर. म्हणजे मनोरा १९१४ चा आणि कागद १९१८ पर्यंतचा, साल चार-पाच वर्षांत आलं. दुसऱ्यावर 'पोस्ट कार्ड' छापलेलं आहे. दोन्ही शेजारी ठेवली आणि आजीला चौक आधीचा, चौक नंतरचा असा समजावला. तिच्या डोळ्यांना आता फार दिसत नाही, मी बोट धरून दाखवत होतो.

आता रात्रीचं. नागपूरकर भाऊ, भिंग घेतलं आणि अंगावर काटा आला. ट्राम त्याच जागी. कोपऱ्यावर काळ्या कोटातला माणूस, एक पाय फूटपाथखाली, दिवसाच्या कार्डात तसाच, रात्रीच्यातही तसाच. एका दुकानापुढं छत्री धरलेली बाई आहे, ती चांदण्यातही छत्री उघडूनच उभी. म्हणजे फोटो एकच, दिवसाचा. आकाश काळं केलं, खिडक्या पिवळ्या केल्या, चंद्र काढला. चाळीस वर्षं मी ती रात्र खरी धरून होतो. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे चंद्र खोटा व्हय?" मी हो म्हटलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, मडमलाही ठाऊक नसेल, तिची आई गेली तेव्हा ती रात्रीचंच कार्ड हातात घेऊन बसली होती.

खांबाचं सगळं वाचून दाखवलं, कापून नेला, जळला, नवा कोरला. तिनं विचारलं, "ज्याईचा होता त्याईले काई वापस देलं का?" मास्तर, याचं उत्तर मी तिला काय देऊ ते सांगा.

चिकटलेली कार्डं ओढलेली नाहीत. पेटी खाली आणली, विटांवर ठेवली. पाकिटं नागपूरहून मागवतो आहे. एक जण सगळी कार्डं विकत मागत होता, त्याला नाही म्हणून फोन केला.

फक्त बारावं कार्ड अडलं आहे. त्यावरचा मनोरा स्पेस नीडल, सहाशे पाच फुटांचा, १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेला, हे मला नातवानं शोधून दिलं. मागं मडमनं लिहिलंय: 'इथे पाऊस रोज येतो, पण आपल्या आषाढासारखा नाही. चाळणीतून पीठ पडावे तसा पडतो. तुझ्या हातची भाकर आठवते.' हे कार्ड आजी उशीखाली ठेवते. तेलाचा हात, घाम, सगळं लागतं. म्हणून काल दारव्ह्याहून त्याची जाड कागदावर रंगीत झेरॉक्स काढून आणली, दोन्ही बाजूंनी, मापानं कापून, आणि मूळ कार्ड काढून ती ठेवली. रात्री आजीनं हात घातला, पाठीवरून बोट फिरवलं, जिथं पेनचा दाब उमटला आहे तिथं थांबली, आणि म्हणाली, "हे ते नाही."

मूळ कार्ड परत दिलं. ताई, ते आता उशीखालीच राहील. तिथं राहूनही जास्त खराब होणार नाही असं काही करता येत असेल तर सांगा. पाकिटात घातलं तर बोटाला अक्षर लागत नाही म्हणते.