मदत हवी आहे: पीअर वर्करने डॉक्टरांना किती सांगायचं?

ऐरोलीतल्या एका छोट्या केंद्रात आम्ही तिघं पीअर वर्कर आहोत, म्हणजे स्वतः डिप्रेशनमधून गेलेलो, आता १६ ते २४ वयाच्या मुलांना सोबत करतो. सायकियाट्रिस्ट मॅडम दर शनिवारी येतात.

जिवाला धोका वाटला तर लगेच मॅडमना फोन, हे मुलांना पहिल्याच भेटीत सांगतो. त्यात वाद नाही. अडचण येते ती जिवाला धोका नसलेल्या गोष्टींत. मध्यंतरी एका मुलाने (तपशील बदललेत) चहा पिताना खिशातून गोळ्यांची अख्खी स्ट्रिप काढली. "दादा, एकही घेतली नाही. वर्गात झोप येते. मॅडमना सांगू नकोस ना." त्याला समजावलं, शनिवारी त्याच्यासोबत आत बसलो, तो स्वतःच बोलला. मॅडमनी शांतपणे ऐकून औषधाची वेळ बदलली. पण दर वेळी असं जुळून येत नाही.

अशा गोष्टी कळवायला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करून पाहिला, मुलांची माहिती फोनमध्ये पडून राहते म्हणून बंद केला. फाइलमध्ये लिहायला लागलो तर मुलं म्हणतात, "म्हणजे तूपण डॉक्टरांचाच माणूस." मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं गोपनीयतेचं कलम २३ वाचलंय, पण पीअर वर्करने रोजच्या कामात काय करायचं ते त्यातून उलगडत नाही. १८ खालच्यांसाठी पालकांची संमती घेतो. सॉफ्टवेअर परवडणारं नाही, कागदावरच काम.

तुमच्याकडे पीअर वर्करची नोंद मुलासमोर बसून, त्याला वाचून दाखवून लिहितात, की मीटिंगमध्ये फक्त तोंडी सांगतात? आणि 'हे सांगितलेलं चालेल, हे नको' असं मुलाला स्वतः ठरवता येईल असा एक पानी मराठी नमुना कुणी वापरतं का?