अटॅकनंतर मायट्रल झडप गळतेय, असं का होतं?

कृष्णाकाठ
आमच्या अण्णांना (वय ६४, सांगली) गेल्या महिन्यात अटॅक आला. उजवी रक्तवाहिनी बंद होती, स्टेंट घातला. परवाच्या टूडी इकोत 'इन्फिरिअर वॉल' (हृदयाची खालची भिंत) नीट हलत नाही, ईएफ (हृदयाची पंपिंगची ताकद) ४० टक्के आणि 'मॉडरेट एमआर' (मायट्रल झडपेची मध्यम गळती) असं आलंय. डॉक्टर म्हणाले, झडप गळतेय, सध्या गोळ्याच. आत्या म्हणते, लहानपणी सांधे धरले असतील, त्याचंच हे. पण ब्लॉक रक्तवाहिनीत होता, मग झडप कशी बिघडली? बदलावी लागेल का?

इकोवाली
मी डॉक्टर नाही, इको करते. औषधांचं तुमचे डॉक्टरच ठरवतील, पण कारण सांगू शकते.

आत्यांची शंका रास्त आहे. सांध्यांच्या तापाने खराब झालेल्या झडपा आपल्याकडे अजून पुष्कळ दिसतात. पण त्यात पडदे जाड झालेले, कडा चिकटलेल्या असतात. रिपोर्टमध्ये तसं काही लिहिलंय का बघा. नसेल तर दोष पडद्यांत नाही, त्यांना धरून ठेवणाऱ्या स्नायूत आणि भिंतीत आहे.

मायट्रल झडपेला दोन पडदे. त्यांच्यापासून निघालेले बारीक दोरे खालच्या डाव्या कप्प्यातल्या दोन पॅपिलरी स्नायूंना जोडलेले असतात. कप्पा आकुंचन पावतो तेव्हा हे स्नायूही आवळतात, म्हणून पडदे वर उलटत नाहीत. पुढच्या स्नायूला बहुधा दोन रक्तवाहिन्यांकडून रक्त मिळतं. मागच्याला बहुतेकांत एकाच, आणि ती बऱ्याचदा उजवी. अण्णांची नेमकी तीच बंद झाली! भिंतीचा तो भाग कमजोर होऊन बाहेर फुगतो, स्नायूही त्याच्यासोबत सरकतो, दोरे ताणले जातात आणि पडदे मध्ये भेटतच नाहीत. जुन्या वाड्याच्या दाराची चौकट फाकली की दोन्ही फळ्या धडधाकट असूनही फट राहते, तसं.

मग मागे गळलेलं रक्त पुन्हा त्याच कप्प्यात येतं, कप्पा आणखी ताणतो, फट आणखी वाढते. गोळ्या द्यायच्या त्या हे चक्र रोखण्यासाठी. "बीपी नॉर्मल आहे, मग ही गोळी कशाला" म्हणून परस्पर बंद करणारे पेशंट बघितले की जीव तुटतो. अण्णांना तसं करू देऊ नका.

माहेर_वाई
माझ्या सासऱ्यांना बायपास करतानाच झडपेला रिंग बसवली होती. वर्षभरात गळती परत आली. सर्जनचं काही चुकलं का?

इकोवाली
ताई, तेवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. रिंग झडपेचा घेर आवळते, सरकलेली भिंत जागेवर आणत नाही. अमेरिकेत २०१४ साली अशा तीव्र गळतीच्या २५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रिंग बसवून दुरुस्ती केलेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश जणांची गळती वर्षात परतली होती. झडप बदललेल्यांत हे प्रमाण फक्त दोन टक्क्यांच्या आसपास. तरीही वर्षाअखेर जिवंत राहण्यात दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. त्यामुळे काय निवडायचं हे सर्जनलाही सोपं नसतं.

कृष्णाकाठ
रिपोर्टमध्ये 'लीफलेट्स नॉर्मल', म्हणजे पडदे ठीक, असं लिहिलंय. आत्याला वाचून दाखवलं, तिला बरं वाटलं. एक राहिलं. अण्णा हल्ली रात्री दोन उशा घेतात, आडवं पडलं की खोकला येतो म्हणतात. इन्फेक्शन असेल का?

इकोवाली
दादा, हे आधी सांगायला हवं होतं. आजच डॉक्टरांना फोन करा. आडवं झाल्यावर खोकला किंवा दम म्हणजे फुफ्फुसात पाणी साठत असू शकतं, कदाचित लघवीची गोळी वाढवावी लागेल. पायावर सूज आहे का बघा, रोज सकाळी वजन करून लिहून ठेवा. एकदम धाप लागली, फेसाळ थुंकी आली तर फोनही नको, सरळ इमर्जन्सीत न्या.

गोळ्यांचा असर दिसायला काही महिने जातात, तेव्हा पुन्हा इको कधी करायचा तेही विचारून घ्या. त्या दिवशी बीपीची गोळी, डॉक्टरांनी थांबवायला सांगितली नसेल तर, नेहमीच्या वेळी द्या. बीपी चढलेलं असलं की गळती आहे त्याहून जास्त दिसते.