राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याने वरिष्ठांची तक्रार केली तर त्याला संरक्षण कोणते?

गोरेगावकर:
माझे पती मुंबईतील एका शासकीय कार्यालयात कनिष्ठ अभियंता आहेत. न झालेल्या कामाची मोजमाप पुस्तिकेत नोंद घेऊन देयक पुढे पाठवावे, असा तोंडी आग्रह त्यांना होत असून, त्यांनी नकार दिल्यापासून "गडचिरोलीत जागा रिकाम्या आहेत" असे टोमणे सुरू झाले आहेत. त्यांना तक्रार करायची आहे. परंतु आम्ही शासकीय निवासस्थानात राहतो आणि मुलगी यंदा दहावीला आहे. तक्रारदाराला संरक्षण देणारा 2014 चा कायदा येथे उपयोगी पडेल का?

निवृत्त लेखाधिकारी:
ताई, त्या कायद्यावर विसंबू नका. तो संसदेने संमत केला, मे 2014 मध्ये राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, मात्र तो लागू करणारी अधिसूचनाच निघालेली नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी तक्रारीच्या पत्रात आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती पंतप्रधान कार्यालयाला केली होती, तरी ते पत्र नावासकट फिरले आणि नोव्हेंबर 2003 मध्ये गया येथे त्यांची हत्या झाली. त्यानंतर 2004 च्या ठरावाने केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद लिफाफ्यातून तक्रार करण्याची सोय झाली. परंतु ती केंद्र सरकार आणि त्याच्या उपक्रमांतील कर्मचाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींपुरतीच आहे. राज्याच्या कार्यालयातील प्रकरण त्यात बसत नाही.

मुलुंडचा वाचक:
लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 या क्रमांकावर कळवले तर?

वकील, दादर:
तेथे कळवता येईल, पण तो मार्ग मुख्यतः लाच मागितल्याच्या प्रकरणात लवकर फळतो. येथे अद्याप कोणी लाच मागितलेली दिसत नाही. लोकायुक्तांकडे जायचे झाल्यास 1971 च्या कायद्यानुसार चौकशी खासगीत चालते, मात्र तक्रारीची प्रत संबंधित अधिकाऱ्याला मिळते. म्हणजे वर्तमानपत्राला नाव कळत नाही; ज्याला कळू नये, त्याला कळते.

म्हणून आधी कागद तयार करावा. वर्तणूक नियमांप्रमाणे तोंडी आदेशाला लेखी दुजोरा मागण्याची सोय आहे, तेव्हा "आपण आज दिलेल्या सूचनेनुसार नोंद घेण्यापूर्वी लेखी आदेश मिळावा" एवढ्या एका वाक्याचे पत्र आवक शाखेत देऊन आपल्या प्रतीवर क्रमांक आणि दिनांक घालून घ्यावा. असे पत्र दिल्यावर पुष्कळदा आग्रहच थंडावतो. मूळ पुस्तिका किंवा तिचे मोबाईलवरील फोटो मात्र घरी आणू नयेत, कारण गोपनीय कागद बाहेर नेल्याच्या आरोपावरून विभागीय चौकशी त्यांच्याच मागे लागेल. माहिती अधिकारात प्रती मागवता येतात. फक्त अर्ज तुमच्या नावाने नको, आडनाव ओळखायला कार्यालयाला वेळ लागत नाही.

बदलीबाबत सांगायचे, तर 2005 च्या कायद्याने तीन वर्षांचा सर्वसाधारण कालावधी ठरवला असून, मुदतीआधी बदली करायची असल्यास विशेष कारणे लेखी नोंदवून वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. यात कसूर झाल्यास महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात दाद मागता येते, आणि तेथे आवक क्रमांक असलेले ते पत्र बदलीच्या आदेशाशेजारी ठेवले की दोहोंच्या तारखा न्यायाधिकरणापुढे येतात.

गोरेगावकर:
पत्राचा मसुदा आम्ही आज रात्रीच करतो. त्यांची येथील तीन वर्षे पुढील मे महिन्यात पूर्ण होतात, त्यामुळे त्यानंतर हे संरक्षण उरत नाही, असेच ना?

वकील, दादर:
होय. म्हणून पत्र आत्ताच द्यावे, मे उजाडण्याची वाट पाहू नये.