पित्तनलिका तुंबल्यावर 'दाह' होतो की 'सूज' येते?

मुळाक्षर: पित्तनलिकेत खडा अडकलेल्या रुग्णांसाठी दोन पानी माहितीपत्रक मराठीत करतोय. 'इन्फ्लमेटरी रिस्पॉन्स'ला, म्हणजे जंतू किंवा इजेला शरीर देतं त्या प्रतिक्रियेला, 'दाह' लिहिलं. एका आजींना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "जळजळ कुठे रे, मला तर हुडहुडी भरते." बरोबरच आहे. थंडी वाजून ताप, पिवळे डोळे, उजव्या बरगडीखाली दुखणं. शार्को या फ्रेंच डॉक्टरनं 1877 मध्ये सांगितलेल्या याच तीन खुणा. 'सूज' लिहावं तर लोक पायाकडे बघतात. शिवाय गोष्ट एकट्या नळीची नाही. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढतात, दाब वाढला की रक्तात शिरतात आणि सगळं शरीर पेटतं.

शब्दवेल्हाळ: 'शोथ' लिहा. यकृतशोथ चालतो, मग पित्तनलिकाशोथ का नाही? 'संगणक'ही आधी कुणाला कळत नव्हता.

वऱ्हाडी: शोथ लिहिलं की नातेवाईक 'शोध' वाचतात. वॉर्डात आम्ही सरळ 'इन्फेक्शन रक्तात गेलंय' म्हणतो. तेवढ्यानं माणूस सहीला तयार होतो.

तीळगूळ: आणि शोथ म्हणजे संस्कृतात सूजच की! प्राचीन रोमच्या सेल्सस या वैद्यकलेखकानं या प्रतिक्रियेची लाली, सूज, उष्णता, वेदना अशी चारही लक्षणं एकत्र सांगितली होती. आपण त्यातलं एकेकच धरून भांडतोय. चरकसंहितेत मात्र वाट अडल्यामुळे होणारी कामला वेगळी सांगितली आहे: मळ वाटलेल्या तिळासारखा. 'कावीळ' या कामलेतूनच आली.

सांजवात: मला 'दाह'पेक्षा 'पित्त' या शब्दाची भीती वाटते. आईच्या अंगाला खाज सुटली. आम्ही म्हटलं, पित्त उठलंय. चार दिवस आमसुलाचं पाणी लावत बसलो. लघवी काळ्या चहासारखी झाली तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "पित्ताची नळी अडलीय," तरी बाबा थंड दूध आणायला निघाले होते.

शब्दवेल्हाळ: दोष शब्दाचा नाही. आम्लपित्ताला नुसतं 'पित्त' म्हणायची सवय आपणच लावून घेतली.

वऱ्हाडी: सवय म्हणजेच भाषा. पत्रक आजींसाठी आहे, कोशासाठी नाही.

मुळाक्षर: खाज माझ्या पत्रकात नव्हतीच, आता पहिल्या ओळीत घेतो. 'पित्तनलिका' काढून 'यकृतातून आतड्यात रस नेणारी नळी' केलं तर?

शब्दवेल्हाळ: 'पित्तरस' तरी राहू द्या.

सांजवात: नको. बाबा परत दूधच आणतील.