पडीक रानात पहिलं पीक कुठलं घ्यावं?

बांधकरी: दहा-बारा वर्षं पडून असलेलं दोन एकर रान पुन्हा कसायचंय. पूर्वी गहू, हरभरा व्हायचा. आता सगळीकडे हराळी, आणि खालच्या अंगाला पांढरा थर. मला महिन्यातून एखाद-दोनदाच जाता येतं. घरचे म्हणतात, नांगरून टाक आणि आधीचंच पेर.

काळी_माती: रान पडलं कशानं, ते आधी सांगा. ते कारण अजून तसंच असेल तर जुनं पीक पुन्हा तिथंच अडकणार. आणि घाईनं नांगर नको. तास पडले की शेती झाल्यासारखं वाटतं खरं, पण ओल्यात नांगरलेली हराळी तुकड्या-तुकड्यातून फुटते. कडक उन्हात नांगरा, काशा म्हणजे तिची जमिनीतली खोडं वेचून काढा.

बांधकरी: मजूर मिळेनात म्हणून सोडलं. खार नंतर वर आला.

काळी_माती: मग ही दोन वेगळी रानं समजा.

वरच्या अंगाला पावसाच्या तोंडावर ताग दाट पेरा, फुलावर येताच गाडा. तण दबतं, नत्र मिळतं, खुरपणी वाचते. पुढच्या हंगामात तूर. तिचं सोटमूळ खोल जातं, शिवाय मुळांतून पाझरणारं पिसिडिक आम्ल लोहाशी जखडलेलं स्फुरद सोडवतं. बियाण्याला रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून नत्र देणारे जिवाणू, चोळा. इतकी वर्षं कडधान्य नव्हतं, जिवाणू कमी असतील. नंतर एक रोप उपटून मुळावरची गाठ फोडा. आत गुलाबी दिसली की काम सुरू आहे.

खाली हरभरा नकोच, घेवड्यासारखाच त्यालाही खार सोसत नाही. क्षारता डेसिसायमन प्रति मीटरमध्ये मोजतात. घेवड्याचं उत्पन्न 1 च्या वर घटू लागतं, गव्हाचं 6 च्या, कापसाचं 7.7 च्या, जवाचं 8 च्या वर. म्हणून तिथं जव.

उताराचं_रान: जव विकणार कुणाला? मजूर नाहीत म्हणून पीक बदलायचं आणि गिऱ्हाईक नाही म्हणून पुन्हा रान पाडायचं!

काळी_माती: रास्त आहे. धान्याला गिऱ्हाईक नसेल तर हिरवा चारा म्हणून द्या, कापणी घेणाऱ्याची. तुरीला मात्र फुलोऱ्यापासून शेंगा भरेपर्यंत आठवड्याला कुणीतरी फिरायला हवं, अळी महिनाभर थांबत नाही. तेवढा माणूस आधी ठरवा.

बांधकरी: माती तपासायला देतो. खाली आधी चर काढू की जव पेरू?

काळी_माती: चर. पाणी तुंबतंय तोवर खार वर येतच राहणार. आणि तपासणीत क्षारतेबरोबर विनिमययोग्य सोडियमही, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेला सोडियम, मागा. तो जास्त निघाला तर जिप्सम लागेल, नुसतं पीक बदलून भागणार नाही.